भाजलेली पत्ती

आमच्या डोंगरकड्यात कुणाच्या घरी लग्न ठरलं की पहिला निरोप मंडपवाल्याला नाही, माझ्या थोरल्या जावेला यायचा. शकुबाई मोकळी आहे का ते विचारून मग तारीख धरणारे लोक मी ह्या डोळ्यांनी बघितलेत. खोटं वाटत असेल तर या गावात अन् विचारा कुणालाही. तिच्या हातची येसर आमटी दोनदा वाढून घेतल्याबिगर वऱ्हाडी पानावरून उठायचे नाहीत. पुरणपोळीवर गुळवणी तिचीच लागायची.

येसर म्हणजे आमच्याकडचा घरगुती मसाला. बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, वाळलेल्या मिरच्या, सगळं वेगवेगळं भाजायचं अन् एकत्र दळून ठेवायचं. अवचित पाहुणा आला की ही पूड पाण्यात कालवून फोडणीत सोडली, झाली दाटसर आमटी. ऐकायला सोपं आहे. पण सगळी मेख भाजण्यात. आक्का, म्हणजे ही माझी जाऊ, तव्यापाशी बसली की बोलायची नाही, कुणी बोललेलं तिला चालायचंही नाही. अठ्ठ्याऐंशी साली मी लग्न होऊन ह्या घरात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्याकडून धने करपले. मी रडायला लागले तर म्हणली, "रडून काय व्हतंय? डोळ्यानं भाजू नको गं, नाकानं भाज. डोळ्याला कळंस्तवर येळ निघून जाती." पंधरा वर्षं झाली, अजूनही तव्यापाशी बसले की मी डोळे मिटते.

त्याच तव्यावर ती आणखी एक जिन्नस भाजायची. तंबाखू. काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, फडक्यातून गाळायची अन् पितळेच्या डबीत भरायची. ही मिसरी. सकाळी उठली की पहिलं बोट डबीत. दाताला, हिरड्यांना घासत घासत अर्धा तास ओट्यावर बसायची, तोवर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. दुपारी जेवण झाल्यावर परत. चार वाजता परत. गावातल्या निम्म्या बायका लावायच्या, त्यातल्या बऱ्याचजणी तर आक्काच्याच हातची भाजून न्यायच्या. तिचा मालसुद्धा करपलेला नसायचा ना!

आता माझी अडचण बघा. ब्याण्णव सालापासून मी गावातल्या अंगणवाडीत सेविका. नर्सबाई आल्या की बायका गोळा करायच्या अन् मिसरीनं काय काय होतं ते सांगायचं, हे माझंच काम. मी तावातावानं बोलायचे. सगळ्या ऐकून घ्यायच्या अन् शेवटी एखादी हळूच म्हणायची, "नर्मदाबाई, तुमच्या जावेकडून जरा चिमूटभर आणता का?" हशा पिकायचा. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. घरी येऊन मी भांडी आपटायचे. आक्का ओट्यावरून ओरडायची, "काहून आपटून राहिलीस? भांड्यांनी काय केलं तुझं?"

दोन हजार तीन सालची दिवाळी झाली, तुळशीची लग्नं लागली अन् गावात एक मोठं लग्न निघालं. नेहमीप्रमाणं चुलाण्यापाशी आक्का, हाताखाली मी. आमटीला उकळी फुटली. आक्कानं पळी भरली, फुंकली, अन् माझ्यापुढं धरली.

"चाख गं जरा."

मी बघतच राहिले. पंधरा वर्षांत ह्या बाईनं कुणाला आमटी चाखू दिली नव्हती. एकदा खुद्द नवरदेवाच्या बापानं पळीला हात घातला तर त्याच्या हातावर मारली होती तिनं. मी चाखली. मीठ चांगलंच जास्त झालं होतं. मी तिच्या नकळत उकडलेले बटाटे सोडून निभावून नेलं. पण माझं डोकं फिरलं होतं. ह्या बाईला मीठ कळत नाही म्हणजे झालं तरी काय?

मग मी पाळत ठेवली. तर आक्का आठ-पंधरा दिवस दुधात भाकरी कुस्करून खात होती अन् सांगत होती की दात दुखतोय. भाजी ताटात घ्यायची, अन् आमच्या नजरा चुकवून ती कुत्र्याला जायची. एका सकाळी मी दाराला आतून कडी घातली, बॅटरी घेतली अन् म्हणले, "तोंड उघड."

"तू काय डॉक्टरीण लागून गेलीस?"

"आक्का, तोंड उघड म्हणते ना!"

तिनं उघडलं. पुरतं उघडतही नव्हतं. डाव्या गालाच्या आतून, जिथं ती मिसरी धरून ठेवायची बराबर तिथं, नखाएवढा पांढरा चट्टा. सायीसारखा. बोट लावलं तर निघेना. मी नर्सबाईंच्या तक्त्यावर असलं चित्र दहा वर्षं बायकांना दाखवत आले होते. मी तिथंच पाटावर बसले.

"काय हाय?" ती म्हणली.

"काय न्हाई. उद्या नांदेडला जायचंय."

नांदेडच्या डॉक्टरांनी आरसा घालून बराच वेळ बघितलं. माणूस शांत होता. म्हणले, "बाई, आज तरी हा कॅन्सर आहे असं मी म्हणणार नाही. नाही असंही म्हणणार नाही. आजपासून मिश्री बंद, तिखट बंद. महिन्यानं परत या. चट्टा कमी झाला तर देवाची कृपा. नाही झाला तर तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, अन् मग पुढचं पुढं."

पुढचं पुढं म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती. आमच्या गल्लीतच एका बाईचा अर्धा जबडा काढला होता. आक्कानंच तिला वर्षभर पेज करून घातली होती.

एसटीत बसल्यावर आक्का म्हणली, "महिनाभर का? एवढंच ना?" पण तिचा हात कमरेच्या पिशवीकडं गेला अन् रिकामाच परत आला, ते मी बघितलं. डबी मी सकाळीच काढून घेतली होती.

त्या पहिल्या बारा दिवसांबद्दल काय सांगू! आक्काचं डोकं दुखायचं. सकाळी पोट साफ होईना, तो राग आमच्यावर. तिखट नाही म्हणून जेवण नाही. आमच्या घरात जे शिजायचं ते लालच. बिनतिखटाचं म्हणजे वरणभात अन् दूधभात. तिसऱ्या दिवशी तिनं ताट लोटून दिलं. "हे काय आजाऱ्याचं खाणं! ह्याच्यापरीस मरण बरं." मीही कमी नाही. म्हणले, "मर मग, पण महिन्यानंतर मर. तवर माझ्या हातचं खावं लागंल." चौथ्या दिवशी गोठ्याच्या वळचणीला मिसरीची पुडी सापडली. मी ती चुलीत टाकली. वास गल्लीभर झाला. शेजारची रूपाबाई दारात येऊन म्हणली, "आज लवकर भाजायला घेतलं व्हय?" तिला काय उत्तर देऊ, कपाळ माझं?

माझे थोरले दीर सोनाजी म्हणजे दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस. तेही एकदा माझ्यासमोर उभे राहिले, खाली बघत म्हणले, "व्हईल ना बराबर?" मी म्हणले, होईल दादा. पण मला कुठं माहीत होतं? आक्का वाळत चालली होती. लुगड्याचा काष्टा ढिला पडायला लागला होता.

आक्काचा मुलगा शिवशंकर पुण्याला एका कारखान्यात. तिथं जपानी मशिनी बसवायला जपानी साहेब आले होते. त्याला मी फोन करून सगळं सांगितलं होतं. तो फोनवरच रडला. तर तेराव्या दिवशी, मी कळमनुरीला मीटिंगला गेलेली असताना, केळीचा ट्रक चालवणारा गोपीचंद पुण्याहून परत येताना वारंगा फाट्यावर एक डबा ठेवून गेला. हॉटेलवाल्यानं दादांना निरोप दिला. दादांनी डबा घरी आणला अन् आक्काच्या हातात देऊन जसा ऐकला तसा निरोप सांगितला.

"शिवशंकरनं भाजलेली पत्ती धाडली."

आमच्याकडं पत्ती म्हणजे चहाची पत्ती, अन् पत्ती म्हणजे तंबाखूचीही पत्ती. आता ज्या बाईला बारा दिवस मिसरी मिळाली नाही, तिच्या हातात लेकानं धाडलेली भाजलेली पत्ती पडली. तिला चहा कुठून आठवणार?

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की आक्का एकाएकी सुधारली. सकाळी मुकाट्यानं उठायची, शेतात चक्कर मारून यायची, डोकं दुखायचं बंद. मी मनात म्हणले, चला, सुटली बाई. नर्सबाईंनाही मोठ्या तोऱ्यात सांगून आले.

अन् विसाव्या दिवशी शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागं गेले, तर आक्का कडब्याच्या गंजीला टेकून बसलेली. डोळे मिटलेले. बोट तोंडात. मांडीवर एक हिरवा पत्र्याचा डबा, त्याच्यावर काड्या-काड्यांची परदेशी अक्षरं, अन् डब्यात बारीक तपकिरी पूड.

माझ्या हातातली पाटी पडली.

"काय करून राहिली तू?"

तिनं दचकून बोट काढलं. ओठ तपकिरी झाले होते. "ओरडू नको. लई नरम हाय ही. जपानची भाजलेली पत्ती हाय, आठ दिवस झाले येऊन. शिवानं धाडली."

"शिवानं? तुझ्या पोरानं? मिसरी धाडली?"

"त्याला माझी कीव आली. तुला न्हाई आली."

काय सांगू, त्या घडीला मला एवढा राग आला की मी डबा हिसकला अन् तशीच, शेणाच्या हातानं, गावातल्या एसटीडीवर गेले. आठ दिवस! मी मोजून ठेवलेले वीस दिवस, त्यातले आठ मातीत. आता परत पहिल्यापासून, अन् नांदेडला जायला उरले फक्त दहा. बूथवर चार माणसं होती, मी कुणाला विचारलं नाही. फोन लागला तशी सुरू झाले.

"लाज न्हाई वाटत तुला? आईच्या तोंडात चट्टा आलाय अन् तू मिसरी धाडतोस? तुझ्या हातानं मारतोस का तिला?"

"काकू, कसली मिसरी?"

"हिरव्या डब्यातली! भाजलेली पत्ती!"

मग तो म्हणला, "काकू, तो चहा आहे."

"काय?"

"चहा. जपानचा. तिकडं हिरवा चहा मातीच्या भांड्यात भाजतात अन् त्याची पूड करतात. आमचे साहेब परत गेले, जाताना त्यांनी दिला. मी डबा उघडला अन् आई तव्यापाशी बसलीय असा वास आला. म्हणून धाडला. दुधात टाकून प्यायला. साहेबांची बायको तर त्याचा गुळासारखा गोड पाक करायची, जेवणातला खारा रस्सापण करायची. गोपीचंदला मी चांगलं समजावून सांगितलं होतं, भाजलेल्या चहापत्तीची पूड म्हणून."

"तंबाखू न्हाई?"

"नाही हो काकू. एक कणही नाही."

मी फोन ठेवला अन् तिथंच त्या लाकडी बाकड्यावर बसून हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी. बूथवाला म्हणला, "बाई, सगळं ठीक हाय ना?" मी म्हणले, "ठीक हाय बाबा, लई ठीक हाय. माझी जाऊ आठ दिवस दाताला चहा घासून राहिली."

तासाभरात ही बातमी गावभर. मी घरी पोचायच्या आत रूपाबाई दारात हजर. आक्का ओट्यावर मान खाली घालून बसली होती, मी बोलणार म्हणून. मी डबा तिच्यापुढं ठेवला अन् सांगितलं.

आधी ती चिडली. "चहा? चहा लावला मी दाताला? आठ दिवस?" रूपाबाई फिस्सकन हसली, तशी आक्का तिच्यावर घसरली. "हसतीस काय दात काढून? तुलाबी घासून देऊ का?" मग बोलता बोलता ती थांबली. माझ्याकडं बघितलं. आवाज एकदम खाली आला.

"म्हंजी नर्मदे... मी आठ दिवस तंबाखूबिगर राहिले?"

"वीस, आक्का. वीस दिवस झाले तुला."

"अन् मला कळलंबी न्हाई?"

"न्हाई कळलं."

तिनं दोन्ही हातांनी डबा धरला. तीस वर्षं जिच्याबिगर सकाळ उजाडत नव्हती, ती आठ दिवस नव्हती अन् हिला पत्ता लागला नव्हता. "मग जमतंय की गं मला," म्हणली. मग झाकण काढलं, नाक जवळ नेलं अन् डोळे मिटले. मला वाटलं रडते काय. तर म्हणली, "भाजणाऱ्याचा हात मात्र मोठा हाय. बघ, कडेलासुदिक करपलं न्हाई. कोण बाई असंल कोण जाणे. मी मिसरी समजून लावली, पण हे पोटात घालायचं हाय. शिवा काय म्हणला, रस्सा करतात का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का चुलीपाशी बसली. चुलीला तिनं वीस दिवसांत हात लावला नव्हता. येसरची आमटी करतो तशीच करू म्हणली. तेल तापवलं, जिरं-लसूण टाकला अन् दोन चमचे पूड सरळ फोडणीत. भुस्सकन धूर. सगळी कडू जहर. दादांनी एक घास घेतला अन् तांब्याभर पाणी प्याले. आक्काचा चेहरा बघण्यासारखा होता. "भाजलेलं परत भाजलं मी! मी! हात मोडला माझा." खरं सांगते, मला लई बरं वाटलं. कारण ती स्वतःच्या स्वयंपाकावर चिडली होती. मरणाबिरणाचं काही बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं डोकं लावलं. मूठभर शेंगदाणे अन् तीळ हलके भाजले, लसूण-जिऱ्याबरोबर पाट्यावर मऊ वाटले. गोड ताकाला चमचाभर बेसन लावलं, फाटू नये म्हणून, अन् त्यात ते वाटण सोडून मंद आचेवर ढवळत बसली. मीठ, इवलासा गूळ. मिरचीचं नाव नाही. दाटसर झाल्यावर पातेलं खाली उतरवलं. मग वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात एक चमचा जपानी पूड गुठळी न होऊ देता कालवली अन् ती सगळ्यात शेवटी घातली. पातेलं परत चुलीवर काही ठेवलं नाही. "हिला आच दाखवायचीच न्हाई आता," म्हणली. "तिची आच तिकडंच झालीय."

भाकरीचा पापुद्रा तिनं त्या रश्श्यात बुडवला अन् तोंडात घातला. मी श्वास धरून बसले होते.

"झोंबत न्हाई," ती म्हणली. मग दुसरा घास. मग तिसरा. "अगं, झोंबत न्हाई! अन् भाजल्याची चव हाय. येसरवानी लागतंय. मीठ जरा कमी हाय."

मी चाखलं. मीठ खरंच कमी होतं. बराबर ओळखलं होतं तिनं! मी उठून न्हाणीत गेले अन् तोंडावर पाणी मारून आले. त्या दिवशी आक्कानं सव्वा भाकरी खाल्ली.

मग काय विचारता! रोज नवीन. गुळवणी केली. गुळाचं पाणी उकळून, तुपावर भाजलेलं थोडं गव्हाचं पीठ लावून, वेलदोडा टाकून थंड होऊ दिलं, दूध घातलं अन् वर ती पूड. पहिल्यांदा गरम असतानाच दूध ओतलं तर फाटलं, ते मी गुपचूप पिऊन टाकलं, वाईट नव्हतं. दुसऱ्यांदा जमली ती अशी, की दादा पोळी बुडवून खाता खाता म्हणले, "आणखी वाढ." दोन शब्द. त्यांच्या हिशेबानं ते भाषण झालं. आक्कानं लाल भोपळ्याच्या फोडी वाफवून त्याच्यावर खारा रस्सा ओतला, कधी उकडलेल्या वांग्यावर. रूपाबाई वाटी घेऊन यायला लागली. आधी हसायला आली होती तीच. आक्कानं नावही ठेवलं होतं, जपानी येसर.

पण दिवस जवळ येत चालला, तशी मला झोप लागेना. चट्टा बघू का म्हणले तर आक्का तोंड उघडायची नाही. "तू बघू नको. तुझं तोंड बघून मला कळंल. त्या डॉक्टरलाच बघू दे." तिलाही भीती वाटत होती, फक्त ती बोलत नव्हती. डब्यातली पूडही तळाला लागली होती.

जायच्या दिवशी सकाळी तिनं माझ्या हातात कागदाची एक पुडी ठेवली. मी वास घेतला अन् माझा चेहराच बदलला. मिसरी.

"शिव्या देऊ नको," ती म्हणली. "बाळापूरच्या बाजारातून आणली व्हती. तो डबा संपला तर कसं व्हईल म्हणून भ्याले. बघ, दोरा तसाच हाय. सोडला न्हाई मी."

दोरा खरंच तसाच होता. मी शिव्या दिल्या नाहीत. पुडी उकिरड्यावर फेकली अन् आम्ही एसटी धरली.

दवाखान्यात गर्दी होती. बाकड्यावर बसून आक्कानं माझा हात धरला होता, तो आत जाईपर्यंत सोडला नाही. पंधरा वर्षांत तिनं माझा हात असा धरला नव्हता. तिचा हात थंडगार होता अन् माझाही. आमच्यापुढं एक म्हातारा गळ्याला रुमाल बांधून बसला होता. त्याच्याकडं बघायचं मी टाळलं.

डॉक्टरांनी आरसा घातला. बॅटरी मारली. गाल ओढून बघितला. परत बघितला. मी त्यांच्या कपाळाकडं बघत होते, आठी पडते का म्हणून. मनातल्या मनात मी म्हणत होते, महिनाभर मी हिला लई टाकून बोलले, ते सगळं माझ्या डोक्यावर घे देवा, पण हिचा जबडा राहू दे.

त्यांनी आरसा काढला, हात धुतले अन् म्हणले, "बाई, शाब्बास. चट्टा जवळजवळ गेलाय. जागा मऊ झालीय. आता तुकडा काढायची गरज नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, अन् मिश्रीला परत शिवू नका. फार कमी लोकांना एका महिन्यात सोडता येते. तुम्ही कशी सोडली?"

"म्या कुठं सोडली?" आक्का म्हणली. "लेकानं फसवलं अन् जावेनं पकडलं."

अन् मला रडू फुटलं. साधंसुधं नाही. हुंदके देऊन, नाक ओढत, शाळेतल्या पोरीसारखं. थांबवायला गेले तर जास्तच यायला लागलं. बाहेर बाकड्यावरचे लोक दारातून वाकून बघायला लागले. डॉक्टर घाबरले. त्यांना वाटलं मला उलटंच ऐकू आलं. टेबलावर वाकून मोठ्यानं म्हणले, "अहो बाई, चांगली बातमी आहे! चांगली! ह्यांना काही झालेलं नाही!"

"तिला कळलंय साहेब," आक्का म्हणली. तिनं पदराचं टोक घेतलं अन् माझे डोळे पुसले, नाकही पुसलं, सगळ्यांच्या देखत. "रडू द्या तिला. महिनाभर नुसती भांडत व्हती, तिला रडायला येळच मिळाला न्हाई."